मागं कोण होतं

आमी मूळचे सांगोल्याच्या अंगाचे. नुसतं माळरान, बाभळी, पाऊस आला तर आला. शेत होतं पण नावाला, खरी होती ती मेंढरं, आणि मेंढरं म्हणजे चालणं. म्हणून कुणी मला विचारलं की बाई, तुमाला ह्या चालण्याच्या कामाची आवड कशी लागली, तर मी सांगते, आवड कसली डोंबलाची, जन्मच चालण्यात गेला, पायात चप्पल आली ती शाळेत घातल्यावर.

तर त्या चालण्यात सगळ्यात अवघड काम म्हणजे डांबरी ओलांडणं. उन्हाळ्यात चाऱ्याला म्हणून कळप घेऊन निघालं की मोठी डांबरी आडवी यायची, गाड्या नुसत्या वाऱ्यासारख्या. आबांची, म्हणजे माझ्या वडलांची, एक रीत होती. कळप कडेला आणून दाटीनं उभा करायचा, सांडू द्यायचा न्हाय. मंग म्होरका बोकड, गळ्यात घाट, म्हणजे मोठी घंटा, बांधलेला, त्याला पुढं घालायचा, आणि आबा स्वतः रस्त्याच्या मधोमध काठी आडवी धरून उभे राहायचे. ट्रक असू दे, एस.टी. असू दे, थांबायचीच. ड्रायव्हर शिव्या द्यायचे, आबा त्यांच्याकडं बघायचे पण न्हाईत. पलीकडं गेल्यावर पटक्याच्या शेवानं घाम पुसत म्हणायचे, कळपाला रस्ता मिळतो गं पोरी, एकल्या मेंढराला न्हाय. आय तवा कुटं असायची म्हणाल तर असायची मागं कुटंतरी, घोड्यावरचं बिऱ्हाड सांभाळत. मी तिच्याकडं कशाला बघते, मी आबांची काठी बघत असायचे. एवढा मोठा ट्रक आणि आमचे आबा अंगानं काडीसारखे, पण ट्रक थांबला की मला वाटायचं, आपला बाप म्हणजे फौजदारच.

पाचवीला मला सोलापुरात मावशीकडं ठेवलं, भवानी पेठेत. काका कापडाच्या मागावर कामाला होते, घराला दिवसभर खटखट खटखट, पहिले काही दिवस मला झोपच येईना, नंतर गावाला गेले की त्या खटखटीशिवाय झोप येईना. शिकले, समाजकार्याची पदवी घेतली, ऑफिसात लागले. ऑफिसाचं नाव लिहू नका, शहराचं काम बघणारं ऑफिस एवढं लिहा, त्यातच सगळं आलं. लग्न झालं ते शुक्रवार पेठेत, आमच्या ह्यांचं टॉवेल-चादरीचं दुकान हाय. आधी मी वस्त्यांमधी बचत गट बघायचे. मंग कधीतरी वरून हुकूम आला की पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी वेगळा कक्ष करा. आता असल्या कामाला कोण जातं? त्यात ठेका न्हाय, उद्घाटन न्हाय, मान न्हाय. म्हटले ह्या बाईला द्या, ही मेंढरामागं चाललेली हाय. हसत हसत म्हटले. मी म्हटलं, द्या. एक टेबल, एक कपाट आणि एक ड्राफ्ट्समन, तोपण अर्धा दिवस माझा आणि अर्धा दिवस पाण्याच्या खात्याचा. सगळं ऑफिस आमाला चप्पल खातं म्हणायचं. अजून म्हणतं. शिपाई चहा घेऊन आला की जिन्यातनंच ओरडायचा, चप्पल खात्याला किती कप?

काम काय, तर सांगायला सोपं. फुटपाथ मोकळे करा, पांढरे पट्टे मारा, शाळेपुढं ब्रेकर टाका, मुलांना रस्ता कसा ओलांडायचा ते शिकवा, वर्षातनं एकदा सायकल रॅली काढा. त्या रॅलीची तऱ्हा काय सांगू तुमाला. साहेब लोक सायकल गाडीच्या टपावर बांधून आणायचे, फोटोपुरती चालवायची आणि परत टपावर. आणि जो खरा सायकलवाला, कारखान्याला डबा बांधून जाणारा, त्याला रॅलीच्या पायी तासभर अडवून ठेवायचं. एकजण मला म्हटला, मॅडम, तुमची सायकल रॅली संपली असंल तर आमची सायकल जाऊ द्या की. एकदा रस्त्याच्या कडेनं हिरवा पट्टा मारून सायकलीचा मार्ग केला, दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर एका बाईनं त्यावर सांडगे वाळत घातलेले. म्हटली, जागा लई स्वच्छ केलीसा, बरं झालं. चिडू का हसू? हसले, चार सांडगे घेऊन घरी आले.

पण मला सांगायचंय ते पूर्व भागातल्या रस्त्याचं.

तितला रस्ता मोठा, ट्रक, टेम्पो, उसाचे ट्रॅक्टर, सगळं त्याच्यावरनं जातं. अलीकडं बायकांची घरं आणि पलीकडं बिडी कारखाना. बायका घरी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळतात, आणि सकाळी पिशवीत घालून कारखान्यात नेऊन देतात. तितं चेकर असतो, तो बिड्या बघून घेतो, खराब निघाल्या की छाट म्हणून बाजूला काढतो, मंग दुसऱ्या दिवसाचं पान-तंबाखू मिळतं. उशिरा गेलं की रांगेत मागं, आणि रांगेत मागं म्हणजे ऊन, घरी चूल थांबलेली, पोरं उपाशी. म्हणून बायका जीव मुठीत घेऊन पळत रस्ता ओलांडायच्या. जिला जशी फट मिळंल तशी. कितीतरी जणी पडल्या, कुणाचा हात गेला, कुणाचे दात.

त्यांची पुढारी म्हणजे नरसक्का. साठीची असंल, बारीक, काळी, नाकात दोन्हीकडं चमकी, घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि भांडण असलं की दोन्ही. मी पहिल्यांदा गेले तर मला वरपासनं खालपर्यंत बघून म्हटली, तू गाडीतनं आलीस का चालत आलीस? मी म्हटलं चालत, स्टॉपपासनं. म्हटली, मंग बस. गाडीतनं आलेल्यांना मी सांगून सांगून दमले.

तिनं मागितलं ते एकच. ब्रेकर घाल. आडवा, चांगला जाड ब्रेकर, म्हणजे गाडी आपोआप हळू होईल, मंग कुणी कधी पण जावं, म्हातारी जावी, गरोदर जावी. मी प्रस्ताव केला. तर रस्ता आमच्याकडं न्हाय, दुसऱ्या खात्याकडं. त्यांच्याकडं गेलं तर जड वाहनांच्या रस्त्यावर ब्रेकर चालत न्हाय. मंग ब्रेकरसारखाच पण रुंद, असा उंच पट्टा करा म्हटलं, तर त्याला वेगळी मंजुरी. फाईल ह्या टेबलावरनं त्या टेबलावर, आणि इकडं बायका रोज पळायलेल्या. तुमीच सांगा, मंजुरी येईपर्यंत मी काय करायचं होतं?

मला आबांची काठी आठवली.

मी बायकांना एकत्र केलं आणि सांगितलं, आजपासनं एकटीनं जायचं न्हाय. ह्या खांबापाशी सगळ्यांनी जमायचं, नरसक्का पुढं, तिच्या गळ्यात शिट्टी आणि हातात लाल फडकं, शिट्टी वाजली की सगळ्यांनी एकदम निघायचं, पळायचं न्हाय, चालायचं. येताना पण तसंच. नरसक्का म्हटली, ही काय शाळेची कवायत हाय व्हय? तिची सून पद्मा म्हटली, अत्या, शिट्टी तर घ्या, तुमचा आवाज तसा पण शिट्टीवाणीच हाय. सगळ्या हसल्या, आणि त्या हसण्यातच काम झालं. दुसऱ्या दिवसापासनं सुरू.

आणि चाललं हो. लई छान चाललं. पन्नास-साठ बाया एकदम रस्त्यात उतरल्यावर कुणाची बिशाद हाय? ट्रकवाले लांबूनच हळू करायला लागले. क्लीनर खिडकीतनं ओरडायचा, आली रे बिडी एक्स्प्रेस. नरसक्का रस्त्याच्या मधी लाल फडकं धरून उभी, ट्रक तिच्यापुढं थांबलेला. तुमाला सांगते, मी कडेला उभी राहून बघत होते आणि माझ्या अंगावर काटा आला. आबा आठवले. आबा जाऊन तवा बरीच वर्षं झाली होती.

मंग काय, बाहेरगावचे लोक बघायला आले, फोटो काढले, मला एक शाल आणि नारळ मिळाला, त्या दिवशी चप्पल खात्याला चहाबरोबर बिस्कीट आलं. आणि साहेबांनी मला बोलवून घेतलं. म्हटले, बाई, कमाल केलीत, आता त्या ब्रेकरच्या फाईलीची गरज काय? एक शिट्टी, एक फडकं, आणि प्रश्न मिटला. मी म्हटलं, साहेब, ती तात्पुरती सोय हाय. म्हटले, तात्पुरती म्हणताय ती वर्षभर चालली की. फाईल बंद झाली न्हाय, पण खाली गेली. दुसऱ्या फाईली वर येत गेल्या. मी पण, खरं सांगायचं तर, दुसऱ्या कामाला लागले. शाळा होत्या, फुटपाथ होते. जितं आग लागलेली तितं पाणी न्यायचं, जितं विझली तितं कशाला बघते?

तो दिवस सांगते. सकाळचीच वेळ, ऊन चढत आलेलं. बायका कारखान्यातनं परत निघाल्या, पण नरसक्काच्या बिड्या चेकरनं छाट काढल्या, म्हटला हितंच बसून नीट करून दे. आता सगळ्या बायका तिच्यासाठी फाटकापाशी थांबलेल्या. एकीचं पोरगं तापानं घरी, एकीच्या घरी नळाला पाणी यायची वेळ झालेली. नरसक्का आतनंच ओरडली, अगं जावा की, माझी काय वाट बघता, मी काय नवी नवरी हाय? आणि गळ्यातली शिट्टी काढून फडक्यासकट पद्माच्या हातात दिली. पद्मानं शिट्टी वाजवली, गाड्या थांबल्या, बायका पार झाल्या. रीतसर. काही चुकलं न्हाय.

मंग नरसक्का निघाली. एकटी. पुढच्यांना गाठायला म्हणून जरा घाईनं. ट्रकच्या आडनं एक मोटरसायकल आली, तिनं तिला उडवलं.

तो मुलगा काही वाईट न्हाय बरं का. थांबला, स्वतः रिक्षात घालून तिला दवाखान्यात घेऊन गेला, मी पोचले तर बाहेर बाकड्यावर बसून रडत होता, त्याच्या सदऱ्याला तिचं रक्त. मला म्हटला, मॅडम, मी रोज थांबतो हो, देवाशप्पथ रोज थांबतो. आज पण थांबलो. शिट्टी वाजली, बायका गेल्या, मला वाटलं झालं, रस्ता मोकळा झाला, म्हणून गाडी काढली. मागं अजून कुणी असंल हे मनातच आलं न्हाय.

मीच त्याला शिकवलं होतं ते. सगळ्या गाडीवाल्यांना शिकवलं होतं. शिट्टीला थांबायचं, घोळक्याला थांबायचं. माणसाला थांबायचं हे कुणालाच शिकवलं न्हाय.

नरसक्काचं खुब्याचं हाड मोडलं. वाचली. ऑपरेशन झालं, आत सळई घातली.

त्याच महिन्यात मी गावाला गेले, आयला बघायला. आय आता थकलीय, भावाकडं असते, पण हात रिकामा ठेवत न्हाय, सुपात बाजरी घेऊन खडे वेचत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, मन मोकळं करायला म्हणून, तिला काही कळंल म्हणून न्हाय. आबांसारखा कळप केला, पुढं शिट्टी ठेवली, मधी फडकं ठेवलं, तरी असं झालं. आय खडे वेचता वेचता म्हटली, आणि मागं कोण हुतं?

मी म्हटलं, मागं कोण म्हणजे?

म्हटली, अगं मागं. मेंढरू मागचंच जातंय की, पुढचं कवा गेलंय? लंगडं असतंय, गाभणं असतंय, एखांदं कोकरू बावचळून उभं ऱ्हातंय. त्येला कोण बघत हुतं?

आणि मला सगळं दिसलं, ताई. इतकी वर्षं मला दिसलं नव्हतं ते. आय मागं असायची ती बिऱ्हाडासाठी न्हाय. शेवटचं मेंढरू रस्त्यातनं बाहेर पडलं की आय हाळी द्यायची, आलं वोऽ समदं! आणि ती हाळी ऐकल्यावर आबांची काठी खाली यायची. त्याच्या आधी न्हाय. ट्रकवाल्यानं कितीबी भोंगा वाजवू दे. खांद्यावर लंगडं कोकरू, एका हातात घोड्याची दोरी, आणि ती हाळी. मी हजारदा ऐकलेली हाळी. पण मी बाई असून माझ्या ध्यानात राहिला तो बाप आणि त्याची काठी. आयचं काम हे काम हाय असं मला कधी वाटलंच न्हाय. फौजदारी तेवढी मी उचलली आणि रस्त्यावर नेऊन ठेवली, आणि मागची हाळी गावातच राहिली.

आय म्हटली, जेवून जाशील का राहशील?

परत आल्यावर मी बायकांना म्हटलं, आता मागं एक बाई पायजे, ती ओरडली की मगच शिट्टीवालीनं फडकं खाली करायचं. तर मागं कोण राहणार? मागं राहिली ती चेकरच्या रांगेत पण मागं. पाळी लावली. पद्मा म्हणायची आज तुझी, दुसरी म्हणायची माझी कालच झाली की, तिसरी म्हणायची माझ्या सासूला विचारा. आठ दिवसांत भांडणं. त्यांचं काय चुकलं? शेवटी मीच जायला लागले ऑफिसच्या आधी, मागची बाई म्हणून. साहेब म्हटले, बाई, हे तुमचं काम न्हाय. मी म्हटलं, मंग ज्याचं हाय त्याला बोलवा.

आणि पट्टा झाला. व्हय, झाला. इतकी वर्षं मंजुरी मिळत नव्हती ती मिळाली, एका बाईचा खुबा मोडल्यावर. चांगला रुंद, उंच पट्टा, दोन्हीकडं उतार, पांढरे पट्टे, कडेला खांब. गाडी कितीबी मोठी असू दे, तितं दबकूनच जाते. आता शिट्टी न्हाय, फडकं न्हाय, खांबापाशी जमणं न्हाय. जिला जवा जायचं तवा जाते. कागदावर बघाल तर माझ्या सगळ्या नोकरीतलं हे सगळ्यात चांगलं काम. नरसक्कानं पहिल्या दिवशी मागितलं होतं तेच, तस्संच. फक्त तिला मिळालं न्हाय.

ती आता काठी घेऊन चालते. घरात चालते, गल्लीत चालते, बिड्या वळते, पण त्या पद्मा नेऊन देते. पलीकडं ती गेली न्हाय. कारखान्यात तिच्या इतक्या वर्षांच्या मैत्रिणी, चेकरशी भांडण, पलीकडच्या टपरीवरचा चहा, सगळं तिचं पलीकडंच होतं. डॉक्टर म्हणतात पाय चांगला हाय, जाऊ शकते. पाय चांगला हाय ते मला पण दिसतं.

मी शनिवारी सकाळी तिच्याकडं जाते. आमी दोघी निघतो, ती पुढं, मी मागं. तिला कुणी हात धरलेला चालत न्हाय. पट्ट्यापर्यंत येतो. गाड्या हळू होतात, थांबतात. हो, एका बाईसाठी ट्रक थांबतो तितं आता, मी डोळ्यांनी बघते. ड्रायव्हर हातानं खूण करतो, जावा आजी. आणि ती उभीच. मागं न बघता विचारते, हायस का गं? मी म्हणते, हाय. मंग काठी पुढं टाकते, पाय उचलते, आणि परत मागं घेते. ड्रायव्हर थांबून थांबून निघून जातो. ती म्हणते, पुढच्या शनवारी. मी म्हणते, बरं.

आबा असते तर त्यांनी असं अडलेलं कोकरू सरळ खांद्यावर टाकून नेलं असतं असं मनात येतं, आणि लगेच आठवतं, खांद्यावर आबांच्या नव्हतं, आयच्या होतं.

मला नोकरीची आता थोडीच वर्षं राहिली. ड्राफ्ट्समन पाण्याच्या खात्याकडं पुरता गेला, माझ्या टेबलावर बसायला कुणी तयार न्हाय, ऑफिसात म्हणतात बाई गेल्या की चप्पल खातं बंद करून टाकू. अजून कितीतरी रस्ते हायत, जितं बायका पळायलेल्या हायत. जेवढं होईल तेवढं करते. रडत बसायचा माझा स्वभाव न्हाय.

गेल्या शनवारी नरसक्का पट्ट्यावर पहिल्यांदा दोन्ही पायांनी उभी राहिली. दुभाजकापर्यंत गेली न्हाय, पण उभी राहिली. ट्रक थांबलेला, मागं मोटरसायकली, कुणी भोंगा वाजवला न्हाय. मी मागं होते. मला वाटलं आज जाते ही. ती वळली, माझ्याकडं बघून हसली, आणि म्हटली, माझ्या मागं तू हायस बाई, देव तुझं भलं करो, पण तुझ्या मागं कोण हाय?

मी म्हटलं, चल, ऊन चढतंय.